घट्ट पिन

पिन ही काही वार्षिकांकातल्या लेखाचा विषय होण्याच्या लायकीची वस्तू नाही, असे माझ्या मैत्रिणींचे मत पडले. पाऊस, आई, गाव, एस. टी.चा प्रवास, वसतिगृहातले जेवण असे कितीतरी विषय मोकळे पडलेले असताना पिनेवर कोण लिहिते? त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्या घरात मी वाढले, त्या घरात पाऊस आणि आई यांच्या इतकाच पिनेचाही उल्लेख रोज होतो. बाबांचे आर्णीला सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. आमच्याकडे पुस्तके नव्हती. पण पाने, पक्कडी, कानशी आणि डालडाच्या जुन्या डब्यांत भरलेल्या पिना मात्र भरपूर होत्या. वेलांटी आणि उकार शिकायच्या आधी मी कॉटर पिन ओळखायला शिकले.

ज्यांनी कॉटर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सायकलचे पायडल ज्या दांड्याला असते तो दांडा मधल्या आसाला पक्का धरून ठेवण्याचे काम बोटाच्या पेराहून थोडी लांब अशी एक पोलादी पिन करते. तिची एक बाजू पाचरीसारखी उतरती घासलेली असते. ती सैल झाली की पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा आवाज येतो. आणि गंजून बसली की निघता निघत नाही. दुकानात नवीन आलेला पोरगा हातोडी घेतो आणि तिच्या डोक्यावर घाव घालत सुटतो. पिनेचे तोंड फुलते, मग ती जन्मात निघत नाही. बाबा अशा वेळी शांतपणे उठतात, दांड्याखाली लोखंडी पाइपचा एक तुकडा उभा करतात आणि म्हणतात, “खाली टेका दे, मंग ठोक. टेका नसला तं तुहा सारा घाव बेरिंगले लागते, पिनेले लागतच नाही.” टेका दिल्यावर बहुधा एका घावात पिन सुटते.

आता गिअरच्या सायकली आल्या, त्यांना ही कॉटर नसते. मोटारसायकली घरोघरी झाल्या. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला, ही बातमी मी बाबांना वाचून दाखवली होती. बाबा म्हणाले, “कारखाना बंद झाला, सायकली थोड्याच बंद झाल्या?” आणि समोर उलटी करून ठेवलेल्या ॲटलासचे चाक त्यांनी फिरवून पाहिले. या बाबांच्या हाताखाली एक दिवस आमच्या कॉलेजचे पिस्तूल यावे, असा योग होता.

पिस्तूल म्हटल्यावर वाचकांनी दचकू नये. हे शर्यत सुरू करण्याचे पिस्तूल. क्रीडा विभागाच्या कपाटात ते किती वर्षांपासून आहे हे सांगणारा कागद कोणाजवळ नाही. त्याची नळी पुढून बंद आहे, त्यातून गोळी सुटत नाही. चाप ओढला की मागचा घोडा पुढे येऊन दारूच्या टोपीवर आपटतो, आवाज होतो आणि धूर निघतो. बस्स, एवढेच त्याचे काम.

पण या ‘एवढ्याच’ कामाला किती महत्त्व आहे, ते मला क्रीडा संचालक सरांनी समजावून सांगितले. मी धावत नाही. अंतिम रेषेवर घड्याळ घेऊन उभी राहते. शंभर मीटरच्या शर्यतीत वेळ घेणारा शेवटच्या टोकाला असतो. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर यायला त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. आवाज ऐकून घड्याळ सुरू केले, तर धावणारीला तेवढा वेळ फुकट मिळाला. म्हणून घड्याळ आवाजावर नाही, धुरावर सुरू करायचे असते. धूर डोळ्याला तत्क्षणी दिसतो. शिट्टी वाजवून शर्यत सुरू केली, तर धूर कुठून आणणार? आणि आमच्या मुलींनी नोंदवलेल्या वेळेवरच अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवड व्हायची असते. ऑलिंपिकमध्ये आता दारूचे पिस्तूल राहिलेले नाही. २०१० च्या व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये विजेवर चालणारे पिस्तूल आले आणि २०१२ मध्ये लंडनला धावण्याच्या शर्यतीही त्याच्यावरच सुरू झाल्या. प्रत्येक धावपटूच्या पाठीमागे ध्वनिक्षेपक असतो, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या लेनला आवाज एकाच वेळी पोहोचतो. आमच्या मैदानावर चुन्याच्या रेषा, हातातली घड्याळे आणि हे जुने पिस्तूल, एवढाच सरंजाम आहे.

ते पिस्तूल गेल्या वर्षी बिघडले. चाप ओढला की घोडा यायचा, पण पेंगत यायचा. टोपीवर हलकासा टेकायचा आणि नुसता ‘खट’ आवाज व्हायचा. मुली वाकून, श्वास धरून उभ्या. पहिल्यांदा खट, दुसऱ्यांदा खट. तिसऱ्यांदा ते उडाले, तेव्हा दोघी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक झरी-जामणीकडची, आश्रमशाळेत शिकून आलेली मुलगी. पाठीमागे कोणी नसलेल्या मुलीला वर्षातून एकदा मिळणारी ती संधी. शर्यत पुन्हा घेतली. पण एकदा उसळून मोडलेला जोर पुन्हा तसाच येतो का? सरांनी ते पिस्तूल कपाटात ठेवले ते ठेवलेच. यंदा स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना ते म्हणाले, “तुझे वडील मिस्त्री आहेत ना? एकदा त्यांना दाखवशील?”

सरांनी रीतसर पत्र दिले. ‘सदर वस्तू शर्यत सुरू करण्याचे साधन असून तिच्यातून गोळी सुटत नाही’ असा मजकूर, खाली सही आणि महाविद्यालयाचा गोल शिक्का. पिस्तुलात टोपी नाही याची त्यांनी माझ्यासमोर दोनदा खात्री केली आणि ते एका खोक्यात बांधून दिले. आर्णीच्या एस. टी.त ते खोके मांडीवर घेऊन बसताना मी पत्र मात्र वहीत न ठेवता हातातच ठेवले होते.

बाबांनी आधी पत्र मागितले. मी ते वाचून दाखवले. त्यांनी शिक्क्यावरून बोट फिरवले आणि ते घडी करून खिशात घातले. मग दुकानासमोरची गर्दी पांगेपर्यंत खोके उघडलेच नाही. “पिस्तूल हाय म्हनल्यावर अर्धं गाव पाह्याले येईल,” ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी ते हातात घेतले. पहिले काम म्हणजे टोपीची जागा स्वतः पाहिली. मी म्हटले, सरांनी पाहिले आहे. बाबा म्हणाले, “त्याइनं पाह्यलं थे त्याइचं झालं. आपुन आपलं पाहाव.”

घोडा त्यांनी अंगठ्याने हळूहळू मागे-पुढे केला, डोळे मिटून. नंतर दिव्याजवळ नेऊन, ज्या पिनेवर घोडा फिरतो तिचे टोक मला दाखवले. मी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिले. ही भरीव पिन नव्हती. पातळ पोलादी पत्रा गुंडाळून केलेली पोकळ नळी होती आणि तिच्या लांबीभर एक चीर होती. हिला बाजारात रोल पिन किंवा स्प्रिंग पिन म्हणतात. ट्रॅक्टरच्या दुकानात ती सगळ्यांना माहीत असते.

या पिनेची युक्ती मोठी सुरेख आहे. ती ज्या भोकात बसायची, त्या भोकापेक्षा ती मुळातच जाड असते. ३ मिलिमीटरची म्हणून जी पिन मिळते, ती मोकळी मोजली तर ३.३ ते ३.५ मिलिमीटर भरते. भोकात शिरताना तिची चीर मिटत जाते, ती अंग चोरून आत जाते, आणि आत गेल्यावर तिचे पोलाद पुन्हा फुलू पाहते. त्या फुलण्याच्या जोरावर ती भोकाच्या भिंतींना धरून राहते. तिला नट लागत नाही, डोके लागत नाही. भरीव पिनेसाठी भोक अगदी काटेकोर घासून घ्यावे लागते. हिला नुसत्या ड्रिलने पाडलेले भोकही चालते. म्हणून ती स्वस्त, म्हणून ती सगळीकडे. मात्र थोडी तरी चीर उघडी राहिली पाहिजे. चीर उरली तरच स्प्रिंग उरते.

आमच्या पिस्तुलातल्या पिनेची चीर पूर्ण मिटलेली होती. पूर्वी केव्हातरी, कुठल्यातरी दुकानात, कोणीतरी जाड पिन तिथे जबरदस्तीने घातली होती. बाजूच्या दोन कानांत ती आवळून बसली, आणि मधे घोड्याच्या भोकात, जिथे थोडी मोकळी जागा हवी, तिथे फुगून तिने घोड्यालाच धरले. म्हणून घोडा पेंगत होता. स्प्रिंग नवी टाकून उपयोग नव्हता. टोप्या बदलूनही उपयोग नव्हता.

काढायची कशी? पिस्तुलाचे अंग पोलादी नव्हते, ओतीव मिश्रधातूचे होते. ते मऊही असते आणि ठिसूळही. टेका न देता ठोकले, तर पिन राहते बाजूला आणि कान तुटतो. बाबांनी डिझेल आणि ऑइलचे दोन-दोन थेंब पिनेच्या दोन्ही टोकांना लावले आणि पिस्तूल रात्रभर तसेच ठेवले. तेवढ्या वेळात त्यांनी दोन वस्तू केल्या. पहिली म्हणजे बाभळीच्या लाकडाचा ठोकळा. त्यात पिनेहून थोडे मोठे भोक पाडले, म्हणजे कानाला खालून पूर्ण टेका आणि पिनेला उतरायला मोकळी वाट. दुसरी वस्तू म्हणजे सुंबा. साधा सपाट सुंबा पोकळ पिनेच्या कडा आत दाबतो किंवा घसरून भोक खराब करतो. म्हणून तुटलेल्या ड्रिलचा मागचा दांडा त्यांनी चाकावर घासला आणि तोंडाला अगदी मधोमध एक बारीक टेंगूळ ठेवले. टेंगूळ पिनेच्या पोकळीत बसते आणि सुंब्याची कड पिनेच्या काठावर टेकते. अशा खास सुंब्याचे इंग्रजी पुस्तकात चित्र असते, हे मला नंतर कळले. बाबांनी ते चित्र पाहिलेले नाही.

सकाळी त्यांनी पिनेची दोन्ही टोके पुन्हा निरखली. डाव्या बाजूला भोकाची कड थोडी फाकलेली होती. “इकडून घुसवली. जिकडून आली तिकडूनच जाईल.” पिस्तूल उलटवून त्यांनी सुंबा उजवीकडून लावला. हातोडी सर्वांत लहान, पितळेची. एक मोठा घाव नाही. एकसारखे, लहान, सरळ ठोके. मी मोजत होते. सोळाव्या ठोक्याला आवाज बदलला. बाबा थांबले, माझ्याकडे पाहिले. मलाही तो बदल ऐकू आला होता. त्यानंतर पिन नुसती उतरत गेली. हातात घेतल्यावर पाहिले, तर बाहेर येऊनही तिची चीर उघडलेली नव्हती. इतकी वर्षे दाबून राहिल्याने तिच्यातला परतण्याचा गुण संपला होता. “आता हिले पुना घालाची नाही,” बाबा म्हणाले, आणि तिला डब्यात न टाकता कचऱ्यात टाकले. डब्यात टाकली असती तर पुढे कोणीतरी ती उचलून वापरली असती.

नवी पिन आणताना वेगळीच अडचण आली. आर्णीत मिळाली ती २.५ मिलिमीटरची. बाबांनी ती भोकाजवळ धरूनच परत केली. “हेच तं मागच्यानं केलं. हे भोक अडीचचं नाही. स्पोकपेक्षा जास्त, अडीचपेक्षा कमी.” त्यांच्याजवळ त्यांच्या उस्तादांनी दिलेला जुन्या ड्रिलांचा एक जुडगा आहे. त्यातले एक ड्रिल उलटे धरून त्यांनी भोकात सरकवले. ते बेताचे बसले. त्या ड्रिलच्या दांड्यावर काय कोरले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. मी मोबाईलने मोठे करून वाचले: ३/३२. मग मी वहीवर भागाकार केला. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचे बत्तीस भाग करून तीन घेतले, की २.३८ मिलिमीटर. बाबांचे बोट जे सांगत होते, तेच माझे उत्तर निघाले.

म्हणजे पिस्तूल इंचाच्या काळातले, किंवा इंचाच्या देशातले. आपल्या देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर गेला, किलो आला. वार गेला, मीटर आला. पण जुन्या यंत्रांच्या भोकांना कायदा कळत नाही. ती इंचातच राहिली. मधल्या कोणा कारागिराने इंचाच्या भोकात मिलिमीटरची पिन ठोकली, आणि त्याची किंमत मैदानावर वाकून उभ्या राहिलेल्या मुलींनी मोजली.

यवतमाळात दोन दुकानांत नकार मिळाल्यावर तिसऱ्या दुकानात एक धूळ खाल्लेला खोका निघाला. त्यात आकाराप्रमाणे कप्पे, आणि कप्प्यांवर इंचातले अपूर्णांक. मी कप्पा शोधला आणि तीन पिना घेतल्या. वीस रुपये.

बसवण्याच्या दिवशी बाबांनी मला शेजारी बसवून घेतले. आधी घोड्याच्या आजूबाजूचा काळा थर कोमट साबणाच्या पाण्याने धुतला. टोपीतली दारू जळल्यावर मागे क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि लोखंड गंजवतो. पिस्तूल नीट वाळवून तेलाचा हात दिला. मग खरी कसरत. घोडा, त्याची स्प्रिंग आणि दोन्ही कान यांची भोके एका रेषेत आली तर पिन जाणार, आणि स्प्रिंग तर त्यांना सारखी बाजूला ढकलत असते. बाबांनी जाड स्पोकचा एक तुकडा कापला, बरोबर घोड्याच्या जाडीएवढा. त्याची टोके कानशीने गोल केली. तो तुकडा घोड्यात घालून घोडा जागेवर बसवला. आता सगळी भोके रेषेत थांबली. बाहेरून खरी पिन लावली, तिचे पुढचे टोक किंचित घासून निमुळते केले, तेलाचा थेंब दिला आणि सुंब्याने सरकवायला सुरुवात केली. खरी पिन आत येत गेली तसा स्पोकचा तुकडा दुसऱ्या बाजूने बाहेर येत गेला. शेवटी तो बाभळीच्या ठोकळ्यातल्या भोकात टप्पकन पडला. मी त्या तुकड्याला काय म्हणतात असे विचारले. “नाव कायचं? काम झालं का निंगून जाते थो.”

घोडा आता बोट सोडताच खाडकन येत होता. पिनेची चीर केसाएवढी उघडी दिसत होती.

पिस्तूल परत द्यायला बाबा स्वतः कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि फाटकाशी क्षणभर थांबले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, “मिस्त्रीसाहेब, बसा,” म्हणाले आणि खिशातून दोनशे रुपये काढले. बाबांनी हात जोडले. “सर, पिना वीसच्या, मजुरी ऐंशी. शंभर होते.” सर म्हणाले, अहो राहू द्या. बाबा म्हणाले, “जास्त घेतले तं दान होते, नाही घेतले तं काम फुकटचं होते. शंभरच द्या.” पैसे कॉलेजच्या खात्यातून द्यायचे ठरले, म्हणून आम्ही कार्यालयात गेलो. बाबांजवळ बिलबुक नाही. बाबूंनी कोरे व्हाउचर काढले आणि कामाचे स्वरूप या रकान्यात मोठ्याने म्हणत लिहायला घेतले, “पिन ठोकणे.”

बाबा सहसा कार्यालयात बोलत नाहीत. तहसिलीत, बँकेत, दवाखान्यात ते मागे उभे राहतात आणि मला पुढे करतात. त्या दिवशी ते स्वतः पुढे झाले. “साहेब, ठोकली नाही. ठोकली होती म्हनूनच बिघडलं होतं. बदलली लिवा.” बाबूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले, पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “तूच लिही बाई, तुझ्या वडिलांचे काम.” मी लिहिले: ‘स्टार्टिंग पिस्तुलाच्या घोड्याची चुकीच्या मापाची जाड पिन काढून ३/३२ इंची नवीन रोल पिन बसविली, साफसफाई व तेल.’ दोन ओळींच्या रकान्यात ते मावेना, म्हणून बारीक अक्षरात लिहिले. बाबांनी ते मला वाचून दाखवायला लावले. मग खाली सही केली. त्यांच्या सहीतली अक्षरे सुटी सुटी असतात, आणि प्रत्येक अक्षर ते जपून, जागेवर बसवल्यासारखे काढतात.

यंदाच्या स्पर्धेत मी नेहमीप्रमाणे शेवटच्या टोकाला घड्याळ घेऊन उभी होते. एकूण अकरा शर्यती झाल्या आणि एकदाही नुसता ‘खट’ झाला नाही. शंभर मीटरला झरी-जामणीची ती मुलगी तिसऱ्या लेनमध्ये होती. ती जिंकली नाही, दुसरी आली. पण यंदा ती एकदाच वाकली आणि एकदाच उठली. तिची वेळ मी घेतली आहे. ती धुरावरून घेतली आहे, आणि ती वेळ खरी आहे, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आमच्या भाषेच्या तासाला सर सांगतात की शब्दाला पर्यायी शब्द नसतो. प्रत्येक शब्दाचे माप वेगळे असते. हे वाक्य परीक्षेत लिहिण्यासाठी मी पाठ केले होते. ‘ठोकणे’ आणि ‘बदलणे’ या दोन शब्दांतले अंतर मात्र मला तिसरी शिकलेल्या माणसाने, कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून दाखवले. ते व्हाउचर आता क्रीडा विभागाच्या फायलीत आहे. उरलेल्या दोन पिना मी सरांकडे दिल्या आहेत. त्यांच्या पुडीवर माप इंचात आणि मिलिमीटरमध्ये, दोन्ही लिहून ठेवले आहे. पुढे केव्हातरी जो कोणी हे पिस्तूल उघडील, त्याला ते वाचता यावे.